हौदाच्या झाकणावरची गाडी

चार वर्षांपूर्वी एका माणसानं मला तोंडावर विचारलं होतं, "साहेब, ते कुत्रं खरंच माझ्याच गाडीखाली आलतं ना?" आणि मी "हो" म्हणालो होतो. ते खोटं होतं. कुत्रं माझ्या गाडीखाली आलं होतं. गाडीचं घरच्यांना यंदाच्या पोळ्याला मी सांगितलं, पण हा "हो" त्यांनाही ठाऊक नाही. तो इथंच पहिल्यांदा लिहितो आहे.

मी फार बोलणारा माणूस नाही. वाळूजच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. माल परत आला की चूक कुठं झाली, कुणाच्या हातून झाली, हे शोधून लिहून काढणं हे माझं काम. वीस-बावीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका स्वच्छ अक्षरात लिहिल्या. स्वतःची एक तेवढी राहून गेली.

आमचं घर गारखेड्यात. रो-हाउस, पुढं गाडी मावेल एवढा पोर्च, आणि पोर्चच्या खाली पाण्याचा हौद. या शहरात नळाला पाणी आठवड्यातून एकदा येतं, तेही कधी येईल त्याचा नेम नाही. दाब इतका कमी की नळ जमिनीच्या वर चढवला तर थेंब येत नाही, म्हणून आमच्यासारख्यांनी तो हौदाच्या आतच बसवलेला. पाणी आलं की झाकण उघडायचं, आत हात घालून चावी फिरवायची. आणि झाकणावर उभी असते गाडी, कारण दुसरीकडं जागाच नाही. म्हणजे गल्लीत "पाणी आलं" अशी हाक आली की आमच्याकडं पहिलं काम गाडी मागं घेण्याचं.

कुत्रं गावठी होतं, तांबूस रंगाचं. वडिलांनी, त्यांना आम्ही आप्पा म्हणतो, आमच्या पिशोर गावाहून यष्टीत पिशवीत घालून आणलेलं. कंडक्टरनं विचारलं तर म्हणे कणसं आहेत. त्याचं नाव इथं लिहीत नाही. लिहायला गेलो तर हात थांबतो.

आठ वर्षं झाली. रविवार होता, दुपारी दोनचा सुमार. समोरच्या घरी नळाचं पाणी पोचतच नाही, त्यांनी टँकर मागवलेला. तो गल्लीत उभा राहून आवाज करत होता. तेवढ्यात शेजारून हाक आली, "पाणी आलं!" आप्पा आतून ओरडले, "अरे, झाकण! झाकण!" मी जेवत होतो. खरकट्या हातानं उठलो, डाव्या हातानं किल्ली घेतली, गाडी चालू केली आणि मागं घेतली.

कुत्रं गाडीखाली झोपायचं. हौदाची फरशी गार असते. हे मला माहीत होतं. रोज ऑफिसला निघताना मी वाकून बघायचो, "ऊठ रे" म्हणायचो, मग तो उठून अंग झाडायचा. त्या दिवशी बघितलं नाही. इंजिन सुरू झालं तसा तो बिचारा मागच्या बाजूनं निघाला असणार. दणका मला कानाला नाही, पाठीत कळला.

तो केकाटत फरफटत गेटबाहेर गेला आणि नेमका टँकरच्या मागच्या चाकापाशी पडला. टँकरही त्याच वेळी दोन-चार फूट मागं सरकला होता. मी गाडीतून उतरलो तेव्हा बायको दारात आली होती. तिनं कुत्रं बघितलं, टँकर बघितला.

"टँकरनं उडवलं का हो?"

मी म्हणालो, "हं."

एवढंच. मी काही रचून सांगितलं नाही. ती जे म्हणाली त्याला हुंकार भरला. नंतर कितीदा तरी स्वतःला समजावलं, की हुंकार म्हणजे काही उत्तर नव्हे. पण आप्पा बाहेर आले, टँकरवाल्याला केबिनमधून खाली ओढलं आणि म्हणाले, "डोळे काय गहाण टाकले का रे? मुकं जनावर दिसंना तुला?"

तो चाळिशीचा, अंगानं किरकोळ माणूस. गमछा हातात घेऊन उभा राहिला. "आरशात कायबी नव्हतं आप्पा, देवाशप्पथ. मी लई हळू घेतली."

"हळू घेतली म्हणे! हे बघ हळूचं."

मी खाली बसून कुत्र्याला उचलत होतो. मान वर करून दोन शब्द बोलायचे होते. बोललो नाही. मुलगी तेव्हा अकरा वर्षांची, दारात उभी राहून हमसून रडत होती. तिच्यासमोर कसं सांगायचं, असं त्या क्षणी वाटलं. नंतर सांगू. मग एकेक दिवस जात गेला तसं ते अवघड होत गेलं.

कंबरेचं हाड मोडलं होतं. कुत्रं जगलं. तीन महिने आम्ही त्याला चादरीची झोळी करून बाहेर न्यायचो. मागचा उजवा पाय मात्र कायमचा गेला, तो टेकवायचा नाही, नुसता लोंबवायचा.

टँकरवाला दोन दिवसांनी परत आला. या वेळी समोरच्यांचं पाणी टाकून झाल्यावर आमच्या गेटशी आला, चपला बाहेर काढल्या. कुत्रं पोर्चमध्ये पोत्यावर पडलेलं. त्याच्यासमोर तो उकिडवा बसला, आणि मला म्हणाला, "साहेब, मी घरी जाऊन लई इचार केला. मला दिसलं नाय म्हंजे झालं नाय, असं कुठं असतंय? माझ्याच हातनं झालं आसंल. माफ करा."

आणि मी त्याला माफ केलं. "जाऊ द्या, होतं असं," म्हणालो. चहा पाजला.

तेव्हापासून तो जेव्हा येई तेव्हा कुत्र्यासाठी काहीतरी आणी. ग्लुकोजचा पुडा, डब्यातली अर्धी भाकरी. एकदा उकडलेलं अंडं फडक्यात गुंडाळून. टँकर मागं घ्यायच्या आधी खाली उतरून चारही बाजूंनी वाकून बघायचा, चाकांखाली हात घालून चाचपायचा. गल्लीतली मंडळी हसायची. समोरच्या काकू म्हणायच्या, "अहो, मुहूर्त काढताय का रिव्हर्सचा? पाणी वाफ होऊन जाईल!" तो हसून म्हणायचा, "जाऊ द्या काकू, एकदा पोळलंय."

कुत्र्याला त्याच्या हॉर्नची ओळख झाली. हॉर्न वाजला की तीन पायांवर नाचत गेटशी जायचं, टँकरच्या चाकाला अंग घासायचं. आणि मी गाडीची किल्ली हातात घेतली की उठून भिंतीकडं सरकायचं, इंजिन बंद होईपर्यंत तिथंच उभं. घरात सगळे म्हणायचे, अपघातानंतर गाड्यांना भ्यायला लागलाय. पण तो टँकरला भीत नव्हता. फक्त माझ्या गाडीला भीत होता. एवढी उघड गोष्ट कुणाच्या लक्षात कशी आली नाही, याचं मला अजून नवल वाटतं. माझ्या मात्र रोज सकाळी लक्षात यायची.

चार वर्षं असं चाललं. मग एक दिवस टँकरवाला म्हणाला, ही शेवटची खेप. गावाकडं जातो. पिशोरच्या पलीकडं त्याचं गाव, थोडं शेत होतं. मी विचारलं, का सोडता? म्हणाला, "मोठी गाडी आता जमत नाय साहेब. मागं घ्यायची म्हटलं की हातापायाला कापरं सुटतं." इतरही कारणं असतील. मालक पैसे वेळेवर देत नाही असं मागं एकदा म्हणाला होता. पण हेही एक होतं, आणि त्यानं ते पहिलं सांगितलं.

जाता जाता तो थांबला. "राग मानू नका साहेब, एक इचारतो. त्या दिवशी ते खरंच माझ्याच गाडीखाली आलतं ना? मला आजबी दणका बसल्याचं आठवत नाय. येवढी मोठी गाडी, दहा हजार लिटर पाणी, कळणार बी नाय म्हणा."

पोर्चमध्ये आम्ही दोघंच होतो. कुत्रं त्याच्या पायाशी. सांगायला यापेक्षा सोपी वेळ मला मिळणार नव्हती.

"हो," मी म्हणालो.

"बरं झालं इचारलं. नायतर मन उगं शंका घेत ऱ्हातं." त्यानं कुत्र्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गेला.

गेल्या उन्हाळ्यात कुत्र्यानं उठणं कमी केलं. चौदा वर्षांचं झालं होतं. ज्या पायावर इतकी वर्षं सगळा भार दिला, तो डावा पायही आता देईना. जनावरांचे डॉक्टर घरी येऊन गेले. पाठीवरून, कंबरेवरून बोटं फिरवत म्हणाले, "जुनं दुखणं आहे, आता वय झालं. किडन्याही थकल्यात. त्रास वाढला की मला फोन करा, लांबवू नका." आप्पांनी विचारलं, "पोळ्यापर्यंत राहील का?" डॉक्टर म्हणाले, राहील.

आप्पांचे बैल विकून पंधरा वर्षं झाली असतील. पिशोरला दोन एकर राहिलंय, ते बटाईनं दिलंय. शहरात पोळा म्हणजे बाजारातनं मातीची जोडी आणायची, पाटावर ठेवायची, नैवेद्य दाखवायचा. यंदा पोळ्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी आप्पांनी बायकोकडून वाटीत तूप-हळद मागून घेतली आणि पोर्चमध्ये कुत्र्यापाशी येऊन बसले.

ज्यांना शेतीचं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी असते. वर्षभर जू वाहून खांदा सुजलेला, सोललेला असतो. तो गरम पाण्यानं शेकायचा, तूप-हळद लावून हळूहळू चोळायचा, आणि बैलाच्या कानाशी लागून उद्याच्या जेवणाचं आवतन द्यायचं.

बायको म्हणाली, "आप्पा, कुत्र्याला कुठं खांदेमळणी असते?"

"मग काय त्या मातीच्या बैलाला चोळू? विरघळून जाईल ना हातात."

"पण खांदा कुठाय याला? यानं कधी जू ओढलंय?"

"खांदा नसंल. कंबर आहे ना." आप्पांनी वाटी माझ्यासमोर सरकवली. "तू लाव. माझ्या बोटांत जोर नाही. खरं तर ज्याच्या हातानं दुखावलं त्यानंच लावायचं असतं. आपणच जू ठेवतो, आपणच खांदा मळतो, तो त्याचा अर्थ आहे. पण तो टँकरवाला आता कुठं सापडायचा? तू लाव."

मी वाटी घेतली. बोटं तुपात बुडवली. आणि मग मी बोललो. कसा बोललो मला ठाऊक नाही, कारण बोलायचं ठरवलं नव्हतं.

"ज्याच्या हातानं दुखावलं त्याचाच हात आहे हा, आप्पा. टँकर नव्हता. मी गाडी मागं घेतली तेव्हा."

गल्लीत कुणाची तरी पाण्याची मोटार चालू होती. आप्पांनी माझ्या हाताकडं बघितलं, कुत्र्याकडं बघितलं.

"मग नीट लाव," ते म्हणाले. "वरवर नको."

मी लावत राहिलो. हाडं बोटांना लागत होती. मोडून जुळलेली जागा मला लगेच सापडली, ती किंचित वर आलेली होती. इतक्या वर्षांत मी त्या जागेला कधी हात लावला नव्हता. झोळी करून उचललं, औषधं दिली, पण तिथं हात नाही. कुत्र्यानं एकदा मान वळवून बघितलं आणि परत खाली टेकली.

वाटीतलं तूप संपत आलं तेव्हा आप्पा म्हणाले, "आठ वर्षं माझ्या तोंडानं त्या माणसाला शिव्या घातल्यास तू."

"हो."

"शेंबड्या पोरासारखं वागलास लेका."

बायको आत गेली होती. ती थोड्या वेळानं बाहेर आली, पण माझ्याशी न बोलता पायरीवर बसली. मग म्हणाली, "मी विचारलं होतं तुम्हाला. तुम्ही 'हं' म्हणालात. मला वाटलं, रडू आवरत नाही म्हणून तेवढंच बोलताय. मला कीव आली होती तुमची." हे ऐकणं आप्पांच्या बोलण्यापेक्षा जड गेलं. तरी सांगतो, त्या संध्याकाळी पुरणाची डाळ शिजत असताना घरात जो वास होता, त्यानं मला कितीतरी वर्षांनी भूक लागली.

आप्पा वाकले, कुत्र्याचा कान उचलला आणि त्यात म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या."

दुसऱ्या दिवशी ते जेवलं. डॉक्टरांनी गोड द्यायचं नाही असं सांगितलेलं, तरी पुरणपोळीचा चतकोर, तुपात भिजवून, प्रत्येकाच्या हातचा एकेक घास. बायकोनं बजावलं, "डॉक्टरांना कुणी सांगायचं नाही." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "तुम्हाला तर काय, सवयच आहे." आणि हसली. ती हसली याचा अर्थ मी लावत बसलो नाही, पोळी खाल्ली.

मुलगी पुण्याला शिकते. तिला फोनवर सांगितलं, कुत्र्याचंही आणि माझंही. ती ऐकून घेऊन नुसतं "येते" म्हणाली. आली ती माझ्याशी दीड दिवस बोलली नाही. मी समोर असताना आईला म्हणायची, "बाबांना सांग, त्याची वाटी रिकामी झालीय." रात्रंदिवस पोर्चमध्ये चटई टाकून त्याच्याजवळ. तिसऱ्या दिवशी त्यानं पाणीही सोडलं. धाप लागायला लागली. डॉक्टरांना फोन मीच केला, सकाळी अकराला येतो म्हणाले.

पोर्चमध्ये गाडी होती. जागा करायला हवी होती. मी सवयीनं किल्ली हातात घेतली आणि कुत्र्यानं, ज्याला मानही उचलवत नव्हती, भिंतीकडं सरकायला पुढचे पाय हलवले. मुलीनं ते बघितलं. माझ्याकडं बघितलं.

"चालू करू नका," ती म्हणाली. दीड दिवसातलं माझ्याशी पहिलं बोलणं. "ढकलू आपण."

मी गिअर काढला, हँडब्रेक सोडला. ती पुढून आणि मी दारातनं स्टिअरिंग धरून, दोघांनी मिळून गाडी ढकलत गल्लीत नेली. आवाज न करता. ढकलायच्या आधी ती खाली झोपून गाडीखाली बघून आली, कुत्रं चार हातांवर समोर पडलेलं असूनही. परतताना दम लागला होता आम्हाला. ती म्हणाली, "टँकरवाले काका असंच बघायचे ना?"

"हो."

"त्यांना कळलंय?"

"नाही."

"बाबा!" एवढंच म्हणाली. पण डॉक्टर आले तेव्हा स्वतः बाजूला सरकून मला म्हणाली, "डोकं तुम्ही धरा." मी धरलं. त्याचं हनुवटीखालचं हाड माझ्या तळहातात होतं. डॉक्टरांनी आधी झोपेचं इंजेक्शन दिलं, मग दुसरं. त्याला काही त्रास झाला नाही. डोळे माझ्याकडं होते, आणि शेवटपर्यंत ते माझ्या हातातून सरकायला बघत नव्हतं. आप्पा खुर्चीत बसून मोठ्यानं म्हणाले, "जा बाबा, सुखानं जा. आवतन घेतलंस, जेवलास, आता जा."

त्याच दुपारी आम्ही त्याला पिशोरला नेलं. आप्पांच्या शेतात, विहिरीजवळच्या बांधावर पुरलं. माती ओली होती, खणायला सोपी गेली. बटाईदाराची बायको हळद-कुंकू घेऊन आली, कुत्र्याला कशाला असं कुणी तिला विचारलं नाही.

परत निघताना आप्पा गावातल्या चहाच्या टपरीवर थांबले. टँकरवाल्याचं गाव तिथून पलीकडंच आहे हे मी त्यांना सांगितलं होतं; त्यांनीच विषय काढला. शहरात टँकर चालवायचा, किरकोळ अंगाचा, चार वर्षांपूर्वी परत आलेला. टपरीवाला लगेच म्हणाला, "हां, तो व्हय! पलीकडच्या गावात, वरच्या अंगाला राहतो की. अद्रक लावलीय यंदा, चांगली आलीय." मग हसत म्हणाला, "लई येगळा माणूस. ट्रॅक्टर मागं घ्यायचा तर बायकोला खाली उतरवतो. ती चारी बाजूनं बघती, हात दाखवती, मग हा घेतो. एकदा ती माहेराला गेलती, तर आठ दिवस ट्रॅक्टर शेतातच उभा. आख्खं गाव हसतंय."

आम्ही कुणी हसलो नाही. आप्पा म्हणाले, "चल."

त्याचं घर सापडलं. पत्र्याचं, पुढं स्वच्छ अंगण, बाजूला ट्रॅक्टर, तोंड रस्त्याकडं करून लावलेला. दाराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, लेकीकडं कन्नडला गेलेत दोघंबी, चार-आठ दिवसांनी येतील. कुलूप बघून मला हायसं वाटलं. तेही लिहून ठेवतो. मुलगी शेजारणीकडून फोन नंबर घेत होती. गाडीत बसल्यावर तिनं तो मला दिला आणि म्हणाली, "फोनवर नाही हं सांगायचं. फक्त आहात का विचारायला."

त्याला आता तीन आठवडे झाले. परवा मी फोन केला. त्यानं आवाज ओळखला नाही, मग ओळखला, आणि पहिला प्रश्न केला, "कुत्रं कसंय साहेब?" मी सांगितलं, गेलं, चौदा वर्षांचं म्हातारं होऊन गेलं. तो म्हणाला, "चौदा वर्षं म्हंजे लई झाली. चांगलं सांभाळलं तुम्ही." मी म्हणालो, येत्या रविवारी येतोय, काम आहे. तो म्हणाला, "या की, कामाशिवाय बी या."

आप्पा बरोबर येणार आहेत. त्यांनाही त्याला काही सांगायचंय, ते त्यांचं ते बघतील. माझं सांगायचं राहिलं आहे ते असं: ते कुत्रं तुमच्या गाडीखाली कधीच आलं नव्हतं, माझ्या गाडीखाली आलं होतं. तुम्ही माफी मागितलीत तेव्हा मला हे माहीत होतं, आणि तुम्ही विचारलंत तेव्हाही. हे त्याच्या अंगणात उभं राहून, त्याच्या बायकोच्या समोर, मी अजून बोललेलो नाही. तेवढं मी त्याचं देणं लागतो.